जीपचा पंखा आणि माझा कूलर

रेडिएटरच्या नळ्यांमध्ये क्षार कसा साचतो, ते मी चाळीसेक वर्षं पाहते आहे. रोज थोडा थोडा. दिसत नाही, कळत नाही. आणि मग एक दिवस नळी बंद! आमच्या गल्लीत किस्से तसेच साचतात. अधूनमधून ते खरवडून बाहेर काढावे लागतात, नाहीतर डोकं गरम होतं. आज खरवडायला बसले आहे. एका जीपच्या एका पंख्याचे किस्से, बस्स. पूर्ण उन्हाळा गेला त्या पंख्यात!

इतवारीच्या मागच्या अंगाला आमचं रेडिएटर रिपेरिंगचं दुकान. होतं नवऱ्याचं, तो गेल्यावर माझं झालं. तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस काय रेडिएटर झाळणार! आज त्याच लोकांची मुलं 'काकू, जरा आधी घ्या ना' म्हणत उभी असतात. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शिकले ती पंख्यांच्या खोक्यांवरून. 'पुलर' म्हणजे रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढणारा पंखा, 'पुशर' म्हणजे पुढे बसून हवा ढकलणारा. एवढ्या दोन शब्दांवर मी किती इंजिनिअर गप्प केले, मोजले नाहीत.

समोर रज्जाकभाईंचं गॅरेज. इंजिनातला देवमाणूस, पण हट्टी. शेजारी वासुदेव ढोमणेचं कूलरचं दुकान. नागपुरात उन्हाळ्याचे चार महिने वासुदेव म्हणजे मंत्री! फोन उचलत नाही, चार माणसं त्याच्या पायरीवर बसलेली. त्यामुळे फिरतं पातं दिसलं की ते आपल्याच खात्यातलं, असा त्याचा पक्का समज.

आणि जीप डॉक्टरीणबाईची. डॉ. मीनल मेश्राम, गुरांची डॉक्टर. एका संस्थेचा फिरता दवाखाना चालवते. चालवते म्हणजे जुनी डिझेल जीप स्वतःच्या हाताने चालवते. उमरेडच्या पलीकडे जंगलाच्या कडेची गावं. डांबर संपलं की दगड, दगड संपले की नाल्याची रेती.

जीपमध्ये एक वही असते. गाडी कधी निघाली, कधी पोचली, वाटेत थांबली का, थांबली तर कारण. मागच्या उन्हाळ्यात कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. 'गरम.' खाली 'गरम.' त्याखाली 'गरम.' पानं उलटा, तेच!

संस्थेचे सचिवसाहेब भारी शिस्तीचे. वहीत नाही ते घडलंच नाही, आणि वहीत आहे ते ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही, असा माणूस. होळीनंतर त्यांनी सांगून टाकलं, "या उन्हाळ्यात गाडी गरम होऊन तीनदा थांबली, की विकायची. दवाखाना बंद. गरजवंतांनी जनावर नागपूरला आणावं."

"कसं आणावं?" मी डॉक्टरीणबाईला विचारलं. "म्हशीला खिडकीजवळची सीट द्यायची का?"

ती हसली नाही. तेव्हाच मला कळलं, प्रकरण साधं नाही.

*

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, चल, मला गाडीत बसव, रोग काय ते बघू. एप्रिल लागलेला, दुपारचे दोन. शहराच्या कडेला, बेशाच्या पुढे गेलो नाही तोच माझ्या पायांवर कोणी तवा धरल्यासारखं झालं. मला वाटलं, आग लागली! खाली वाकून पाहते, तर गरम हवा फुसफुसत आत येत होती.

"हे काय वं?"

"हीटर आहे, काकू."

"हीटर? नागपुरात? एप्रिलमध्ये?"

"रज्जाकभाईंनी सांगितलं. हीटर लावला की इंजिनाची गरमी आत येते, काटा जरा खाली राहतो."

पोरगी मागचा पूर्ण उन्हाळा हीटर लावून फिरली होती! एका गावात तर एका म्हातारबाने तिचा लाललाल चेहरा पाहून गाय बाजूला केली म्हणे. "डॉक्टरीणबाई, गायीचं राहू द्या. पयले तुम्ही सुई टोचून घ्या."

परत आल्या आल्या मी रज्जाकभाईंना धरलं. ते शांतपणे हात पुसत म्हणाले, "भाभी, गलत काय सांगितलं? हीटर म्हणजे बी छोटा रेडिएटरच. इंजिन वाचलं का नाई?"

बरोबर होतं हो! तेच तर वाईट. मी म्हटलं, "इंजिन वाचलं. डॉक्टर शिजून राहिली, त्याचं काय?"

*

डॉक्टरीणबाई आमच्याकडे यायच्या आधी, याच उन्हाळ्यात, हायवेवरच्या कोणा मेकॅनिककडे जाऊन आली होती. नाव विचारू नका. त्याला तिने सांगितलं, "काटा फार वर जातो, बघा जरा." त्याने पाच मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "मॅडम, आता नाही जाणार."

आणि खरंच, काटा वर जाईना! उमरेड आलं, काटा खाली. दगडांचा रस्ता लागला, काटा खाली. डॉक्टरीणबाई इतकी खूश की गाणं म्हणत होती म्हणे. पुढच्या चढावर बॉनेटमधून इंजिनाने वाफ सोडली, तरी काटा आपला खाली गाढ झोपलेला!

त्या पठ्ठ्याने काट्याची तारच काढून ठेवली होती.

वहीत लिहावंच लागलं. तीनपैकी एक गेली.

मी त्याला फोन लावला. तो मलाच समजावायला लागला, "आजी, काट्याची तक्रार होती, काटा ठीक केला."

"लेकराले ताप आला तर तू थर्मामीटर फोडतो का रे!"

फोन बंद. अजून उचलत नाही. तार शेवटी रज्जाकभाईंनी जोडून दिली.

*

रोग मला एका फेरीतच कळला होता. रेडिएटर ठीक, पाण्याचा पंप ठीक, पंख्यात दम नाही. प्रश्न एवढाच, पंखा कोणता बसवायचा?

याच दिवसांत बेशाच्या नव्या फ्लॅटमधला एक तरुण दुकानात आला. गाडी एवढी उंच, की उतरायला त्याला पायरी लागली. छतावर दिवे, मागे दोरखंड, बाजूला फावडं! म्हणाला, "आंटी, ऑफ-रोडिंगसाठी फॅन दाखवा."

मला आनंद झाला. म्हटलं, चला, एक तरी माणूस कामाचं विचारतो आहे. मी त्याला बसवून नीट समजावलं. जंगलात गाडी हळू चालते, समोरून वारा मिळत नाही, सगळी मदार पंख्यावर. इंजिनाच्या पट्ट्यावरचा पंखा इंजिन हळू झालं की हळू होतो. विजेचा पंखा आपल्या मर्जीने फिरतो. चिखल किती, पाणी किती, ते आधी पाहायचं. मग विचारलं, "तू कुठं कुठं जातोस, बेटा?"

"ऑफिसला. मनीषनगर." म्हणजे बेशाला लागूनच!

"आणि ऑफ-रोड?"

"खड्डे असतात ना, आंटी!"

मी पाच पंखे समोर मांडले. त्याने पात्यांकडे पाहिलं नाही, मोटरीकडे पाहिलं नाही. शेवटी विचारतो, "यात निळा लाइटवाला आहे का?"

"बॉनेट बंद झाल्यावर लाइट कोणाले दिसणार?"

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "बॉनेट उघडंच ठेवतो मी. रविवारी."

*

इकडे गल्लीत मात्र दोन पार्ट्या पडल्या. रज्जाकभाई म्हणत, लोखंडी पंखा, मोठ्या पात्यांचा, पट्ट्यावर चालणारा. "भाभी, ना तार ना बटण. इंजिन चालू तं पंखा चालू. याचा बाप, तो जुना पंखा, कधी बंद पडला नाई, पोरगा बी नाई पडणार."

वासुदेव म्हणे, विजेचा. "काकू, जमाना कुठं चालला अन् रज्जाकभाई कुठं बसून राहिले!"

मीही विजेच्याच बाजूची. पावसाळ्यात डॉक्टरीणबाई नाल्यातून जीप घालते. पट्ट्यावरचा पंखा पाण्यातही गरगर फिरत राहतो, पाती वाकतात आणि समोरच्या रेडिएटरलाच खातात. विजेचा पंखा बटण दाबून बंद ठेवता येतो. पण रज्जाकभाईंशी तोंडी वाद घालणं म्हणजे बंद इंजिनाला धक्का मारणं. मी म्हटलं, "बसवा तुमचा लोखंडी. पण परीक्षा मी घेणार."

"घ्या! जंगलात चला."

"जंगल कायले? शनिवारी दुपारी इतवारीतून जीप न्या."

अहो, इतवारीसारखा कठीण रस्ता साऱ्या जंगलात नाही! पहिल्या गिअरच्या वर जायची सोय नाही. पुढे हातगाडी, मागे टेम्पो, दोन्ही बाजूंना धान्याची पोती, आणि मध्ये एक गाय, जिला कुठेच जायचं नसतं. इंजिन पेटलेलं आणि वारा शून्य.

रज्जाकभाई स्टिअरिंगवर, मी बाजूला. आमच्या पुढे हातगाडी, तिच्यावर पत्र्याच्या कोठ्या रचलेल्या. ती चालली आपल्या चालीने. तिच्यामागे जीप, जीपचं इंजिन हळू, म्हणून पंखाही हळू. काटा चढायला लागला. रज्जाकभाई घाम पुसत म्हणाले, "पुढं रस्ता खुला आहे." पुढे भांड्यांची गल्ली होती!

शेवटी त्यांनी स्वतःच इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं, वाफ निघाली. हातगाडीवाला थांबला, मागे वळून आला, वाफेकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "चाचा, दोन कोठ्या उतरवतो. ठेवून द्या गाडी वरती."

फेरी दवाखान्याची नव्हती, म्हणून वहीत काही लिहिलं नाही. रज्जाकभाई आठ दिवस माझ्याकडे चहाला आले नाहीत.

*

मग वासुदेवाचा दिवस आला. मी चांगला विजेचा पंखा निवडून दिला, रज्जाकभाईंनी कुरकुरत वीज बनवणारा मोठा अल्टरनेटर बसवला. पंख्याच्या तारा जोडायच्या तेवढ्या राहिल्या. त्या दिवशी नेमकं मला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. वासुदेव म्हणाला, "काकू, बिनधास्त जा. पंख्याचं मले सांगून राहिल्या का तुम्ही?"

गेले. हीच चूक.

संध्याकाळी त्याने जीप दारात उभी करून अर्धा तास चालवली. काटा शांत. वासुदेवाने गल्लीत जिलेबी वाटली! दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई निघाली आणि उमरेड रोडच्या गुळगुळीत डांबरावर, जिथं पंख्याची गरजसुद्धा पडू नये, तिथं जीप उकळून थांबली.

जीप ओढून आणली तेव्हा मी दारातच होते. म्हटलं, पंखा चालू करा. समोर उभी राहून मी पदराचं टोक रेडिएटरच्या जाळीसमोर धरलं. ही माझी जुनी परीक्षा. मागे बसलेला पंखा हवा ओढतो, म्हणून पदर जाळीला चिकटला पाहिजे.

पदर उडाला आणि माझ्या तोंडावर आला!

तारा उलट्या जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता, आतली गरम हवा पुढे फेकत होता. उभ्या गाडीत ते खपून गेलं. गाडी पळाली की समोरचा वारा आत येणार आणि पंखा त्याला बाहेर ढकलणार. दोघांची कुस्ती, मध्ये रेडिएटरचा जीव चालला!

वासुदेवाचं तोंड एवढंसं झालं, तरी खोड जाईना. "काकू, हवा बाहेर तं फेकलीच पाहिजे ना. कूलर बी तेच करते."

"कूलर धावते का गा?"

यावर रज्जाकभाई आठ दिवसांनी पहिल्यांदा हसले आणि माझ्याकडे चहाला आले.

*

हसणं तिथंच संपलं. डॉक्टरीणबाई माझ्या स्टुलावर बसली होती. वही मांडीवर. 'गरम' लिहून झालं होतं.

"काकू, दोन झाल्या."

"हो वं, मालूम आहे मले."

"पहिल्यांदा गाडी चढावर उभी राहिली ना, त्या दिवशी पुढच्या गावात एक म्हैस अडली होती. रात्रीपासून अडलेली. मी बॅग घेऊन चालत गेले, पाऊण तास." ती वहीच्या कोपऱ्याला दुमड घालत होती. "म्हैस वाचली. रेडकू गेलं. घरच्या बाईने आधी मला पाणी दिलं."

मी उठले. तारा सुलट्या केल्या, पदर जाळीला चिकटला. पण इतवारीतून जीप नेली तर काटा पुन्हा चढलाच. आधीपेक्षा सावकाश, पण चढला.

मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, "पंखा लहान पडतो. मोठा आणा."

मोठा आणला. काटा चढला.

आता लिहूनच टाकते, कारण रज्जाकभाई हे वाचणार आहेत. मी चुकले होते.

आणि निरोप आला. नवतपा लागला की सचिवसाहेब स्वतः फेरीला येणार. आमच्याकडे रोहिणीतले ते नऊ दिवस असे असतात, की कावळासुद्धा सावली सोडत नाही. साहेबांनी मुद्दाम तेच दिवस निवडले. गाडी टिकायची तर त्यात टिकेल, एवढाच त्यांचा हिशेब!

*

त्या आठवड्यात मनीषनगरला आमच्या घरी एक दिवस कूलर नीट चालेना. पाणी आहे, पंखा जोरात, पण हवा गरम. मी सुनेवर ओरडले, "पाणी टाकलं का नाई वं?"

"टाकलं, आई! ताटी धुवायला काढली आहे एका बाजूची, वाळली की लावते."

मी उठून पाहिलं. दोन बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या आणि तिसरी बाजू सताड उघडी. पंखा बिचारा हवा ओढत होता, पण हवा ओल्या ताटीतून कशाला येईल? तिला फुकटचं दार मिळालं होतं! ताटीला हात लावला. कोमट. उघड्या बाजूला हात धरला, तर सुसाट वारा.

मी तशीच उभी राहिले. सून म्हणते, आईंना ऊन लागलं वाटतं.

अहो, जीपमध्ये हेच चाललं होतं! जुन्या पंख्याच्या जागी बसवलेला आमचा पंखा रेडिएटरपासून वीतभर मागे. मधली जागा चारही बाजूंनी उघडी. पंखा जाळीतून हवा ओढतच नव्हता, आजूबाजूची गरम हवा चघळत बसला होता. पंखा कितीही मोठा आणा, काय फरक पडणार? पंख्याला डबा पाहिजे. रेडिएटरपासून पंख्यापर्यंत बंद डबा, कूलरसारखा! कंपनीच्या गाडीत तो असतोच. या जीपचा कोणत्या तरी जमान्यात कोणी तरी काढून फेकला होता.

"वासुदेवाले फोन लाव! पत्रा पाहिजे!"

वासुदेवाने फोन उचलला नाही. सीझन ना!

मग मी पान्हा आणला आणि आमच्याच कूलरचा पत्रा सोडवला. बाजूचा एक, मागचा एक. चांगला जाड पत्रा, जुना माल. रिक्षात घालून दुकानात आणला. मीच कापला, मीच वाकवला, मीच रिबिटा मारल्या. रज्जाकभाई मागे उभे राहून नुसते पकड देत होते. मध्ये एकदाच बोलले, "भाभी, हे मले काहून नाई सुचलं?"

"तुमच्या घरी एसी आहे म्हणून!"

डबा बसला. शनिवार होता. जीप इतवारीत घातली. तीच गल्ली, तोच गाईचा ठिय्या. काटा अर्ध्यावर आला, पंखा सुरू झाला, काटा खाली उतरला. पुन्हा आला, पुन्हा उतरला. एक तास! रज्जाकभाईंनी भांड्यांच्या गल्लीत जीप उभी करून, इंजिन चालू ठेवून, बायकोसाठी कढई घेतली.

त्या दिवशी घरी गेले तर सारं घर ओल्या चादरी अंगावर घेऊन बसलेलं. सून म्हणाली, "आई, गाडी थंड झाली का?"

"एकदम!"

"छान. मग आज सगळे गाडीतच झोपू."

*

नवतपाचा तिसरा दिवस. सकाळीच झळा सुरू. सचिवसाहेब आले ते कडक इस्त्रीच्या सफारीत, डोकं उघडं. सोबत पाण्याने भरलेले दोन मोठे कॅन. जीपमध्ये ठेवत म्हणाले, "रेडिएटरसाठी. मला गाडीवर विश्वास नाही."

मी मागच्या सीटवर चढून बसले. साहेब म्हणाले, "आपण कशाला?"

"पंखा माझा आहे."

साहेब पुढे डॉक्टरीणबाईच्या शेजारी बसले, वही मांडीवर, डोळे काट्यावर.

निघताना मी सगळ्यांच्या हातात एकेक कांदा दिला. आमच्याकडे उन्हात निघायचं तर खिशात कांदा ठेवतात. साहेबांनी परत केला. "ही अंधश्रद्धा आहे."

असेल. मलाही अंधश्रद्धा खपत नाही. पण मी एक पाहिलं आहे. खिशात कांदा ठेवणारा माणूस डोक्याला दुपट्टा बांधतो आणि तासातासाला पाणी पितो. साहेबांनी दुपट्टाही नको म्हटलं. पन्हं नको म्हटलं. "मी फक्त माझ्या बाटलीतलं पितो." बाटली उमरेडलाच संपली.

डांबर सुटलं. दगड लागले. डॉक्टरीणबाईने चारही चाकं इंजिनाला जोडली, पहिला गिअर टाकला. जीप मुंगीच्या चालीने वर चढायला लागली. काटा अर्ध्यावर आला. तेवढ्यात पुढून घूंऽऽऽ आवाज आला. पंखा! काटा खाली उतरला.

साहेबांच्या कपाळाला आठी. "ही तार तर काढलेली नाही ना? मागच्या वेळी काढली होती. गाडी थांबवा, मला पाहू द्या."

"थांबवते," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण साहेब, थांबली तर वहीत लिहावं लागेल."

साहेबांचा स्वतःचाच नियम! "चालू द्या," म्हणाले.

पुढे नाल्याची रेती. लांब, पांढरी, डोळे दिपवणारी. जीप रुतत, गुरगुरत चालली. काटा वर, घूंऽऽऽ, काटा खाली. वर, खाली. मी मागे बसून त्या आवाजाशी श्वास जुळवत होते. घूंऽऽऽ झालं की माझा श्वास सुटे.

नाला संपला. वर मोहाची झाडं दिसली. डॉक्टरीणबाईने पहिल्यांदा आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

आणि तेवढ्यात साहेबांच्या मांडीवरून वही खाली घसरली.

पाहते तर साहेबांची मान एका बाजूला. चेहरा लाल, घाम एक थेंब नाही. "थांबव वं, थांबव!" मी ओरडले.

"काकू, वही..."

"वही गेली खड्ड्यात! माणूस पाह्य!"

जीप मोहाखाली उभी केली. दोघींनी साहेबांना खाली उतरवून सावलीत आडवं केलं. सफारीची बटणं सोडली. रेडिएटरसाठी आणलेला पहिला कॅन मी त्यांच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर हळूहळू रिकामा केला. दुसरा कॅन अर्धा झाला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरीणबाईने नाडी पाहिली, मी माझा दुपट्टा ओला करून त्यांच्या डोक्याला गुंडाळला आणि पन्हं पुढे केलं. या वेळी नको म्हणाले नाहीत. तीन पेले प्याले!

जीपचं इंजिन चालूच होतं. पुढून मध्येच घूंऽऽऽ यायचं आणि थांबायचं.

साहेबांना गाडीत मागे आडवं केलं आणि पहिल्याच गावच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथं त्यांना तासभर ठेवलं. तोवर डॉक्टरीणबाईने केंद्रामागच्या अंगणात सहा बैल, एक गाय आणि रडणारी एक शेळी तपासली. येताना साहेब माझ्या शेजारी बसले, डोक्याला माझा दुपट्टा, खिशात कांदा.

गल्लीत पोचलो तेव्हा रज्जाकभाई आणि वासुदेव दोघंही पायरीवर उभे. साहेब माझ्या स्टुलावर बसले आणि हात पुढे केला. "वही."

डॉक्टरीणबाईने वही दिली. तिचा चेहरा पांढरा. थांबली म्हणजे थांबली. या माणसाने आजवर वहीत एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही.

साहेबांनी पेन काढलं. 'गाडी थांबली का' या रकान्यात लिहिलं, 'होय. एकदा.' कारणाच्या रकान्यापाशी पेन अडलं. त्यांनी जीपकडे पाहिलं, रिकाम्या कॅनकडे पाहिलं. मग नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली, वही मिटून डॉक्टरीणबाईच्या हातात दिली आणि दुपट्ट्यासकट निघून गेले.

आम्ही चौघांनी वही उघडली.

'कारण: सचिव गरम झाले.'